पहिल्या मजल्यापर्यंतचा धीर

पोरीनं ग्लास उचलला, नाकाशी नेला, आणि मग प्यायली. झालं एवढंच. रविवारची दुपार, जेवणं आटोपलेली, टेबलावर माझाच ग्लास होता आणि त्यात पाणीच होतं, शपथ घेऊन सांगते, पाणीच होतं. वास घेतला तोही मुद्दाम नाही, मला दाखवायला तर मुळीच नाही. डोळे पुस्तकात, हात आपला आपण उचलला गेला, नाकाशी थांबला, पुढे गेला. रस्ता ओलांडताना आपण दोन्हीकडे बघतो ना, तसं. तिला स्वतःलाही कळलं नसेल. त्यापेक्षा भांडली असती, ग्लास आपटला असता, तर मीही तोंड सोडलं असतं; तोंडाला मी कुणाला हार जात नाही, आमच्या लॅबमध्ये विचारा हवं तर. पण सवयीशी भांडणार कसं? माझ्या मुलीला पाण्याचा वास घ्यायची सवय लागली होती आणि ती मी लावली होती. मी सिंकपाशी पाठ करून उभी राहिले आणि एकच बशी पुन्हा पुन्हा धूत बसले.

तशी ती माझ्याकडे राहत नव्हतीच तेव्हा. ताईकडे होती, म्हणजे तिच्या मावशीकडे, आणि फक्त रविवारची माझ्याकडे यायची. तिचे बाबा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या घरात. तो विषय संपलेला. ताईकडे ती का गेली, याचं उत्तर आमच्या घरात ‘दगदग’ असं आहे. माझी दगदग होते, म्हणून पोरगी थोडे दिवस मावशीकडे. आमच्या घरात तो दुसरा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. ‘तिची तब्येत,’ म्हणतात, ‘तिचं जरा असं चाललंय’ म्हणतात, आणि ‘असं’ म्हणताना हात हवेत नुसता हलवतात. खरं कारण असं की एके दिवशी पोर शाळेतून आली, बेल वाजवत राहिली, आणि मला बेल ऐकू येत होती. हेच तर आहे. ऐकू येत होती. मी सोफ्यावर पडून होते आणि मला वाटत होतं की कुणीतरी उठून दार उघडेल, ती आई कुठे गेली या मुलीची, उघडत का नाही. पोरीनं जिन्यातच दप्तर उघडून अभ्यास उरकला, पायऱ्यांवर वह्या पसरून. वर राहणाऱ्यांनी ताईला फोन केला. ताई आली, तिनं काहीएक विचारलं नाही, पोरीचे कपडे भरले, आणि जाता जाता माझ्या अंगावर चादर घातली. त्या चादरीचा मला किती राग आला होता. आता वाटतं, बाईनं चादर तरी घातली.

आणि त्याच रविवारी, वास घेतला त्याच संध्याकाळी, ताई पोरीला न्यायला आली तेव्हा दारातच तिच्या बुटाची नाडी बांधता बांधता, वर न बघता, म्हणाली, “नव्या वर्षी हिला आमच्याच इथल्या शाळेत घालावं म्हणते. जाण्यायेण्याचा त्रास वाचेल.” मी म्हटलं, बघू. ताई म्हणाली, बघू काय त्यात, सुट्टी संपली की घालून टाकू. ‘थोडे दिवस’ कायमचे कसे होतात ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. पोरगी दोघींच्या मधे उभी राहून नाडीकडे बघत होती. ‘मला आईकडे राहायचंय’ असं काही ती म्हणाली नाही. का म्हणावं तिनं? दार लावलं आणि मी तडक आतल्या खोलीत गेले, कपाटातून पाठ शेकायची रबरी पिशवी काढली. माझी पाठ कधीच दुखत नव्हती. पिशवीत गरम पाणीही कधी नसायचं. घरात बाटली सापडू नये म्हणून ही माझी युक्ती; वर पुन्हा येणारे-जाणारे हळहळायचे, बिचारीला पाठीचा किती त्रास. पिशवीचं झाकण उघडलं की रबराचा आणि आत जे असायचं त्याचा मिळून एक वास यायचा. त्या संध्याकाळी झाकण उघडून मी वास घेतला. नाकाशी नेली आणि थांबले. पोरीचा हात ज्या जागी थांबला होता, बरोब्बर तिथे माझा हात थांबला होता. मग मी प्यायले. थांबले वगैरे ठीक आहे, पण प्यायले.

सोमवारी सकाळी लॅबमध्ये नेहमीसारखी उपाशीपोटी आलेल्या लोकांची रांग होती. मी रक्त काढते. हे काम मला येतं. कुणाची शीर कुठे दडून बसली आहे ते मला बोटाला कळतं, डोळ्यांनी बघावंच लागत नाही. लहान मुलं आली की सगळे माझ्याकडे पाठवतात, कारण माझी सुई दुखत नाही. म्हणजे दुखायची नाही. अलीकडे सकाळचा पहिला तास माझा हात माझं ऐकत नव्हता. त्यावर मी एक पद्धत काढली होती: कोपर टेबलाला घट्ट टेकवायचं, श्वास रोखायचा, आणि समोरच्याशी काहीतरी थट्टा करायची, म्हणजे तो हाताकडे बघत नाही. त्या दिवशी खुर्चीत भूगोलाचे सर होते. शाळेतून कधीच निवृत्त झालेले, दर महिन्याला तपासणीला येणारे, अबोल माणूस, शिरा म्हणजे एकेक अवघड. मी दंडाला पट्टा बांधला, थट्टा केली, कोपर टेकवलं. सुई चुकली. पुन्हा घातली, पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा सुई उचलली तेव्हा ती हवेतच हलत होती, आणि सरांनी आपला मोकळा हात माझ्या मनगटावर ठेवला. पकडला नाही, नुसता ठेवला. म्हणाले, “सावकाश. माझाही असाच हलायचा. खडू धरता यायचा नाही.”

मला काय राग आला म्हणून सांगू. मी म्हटलं, सर, रात्री झोप झाली नाही, पाठ दुखते माझी. ते म्हणाले, हो, माझीही दुखायची. हात तसाच ठेवला. रांगेतल्या बाई घड्याळ बघायला लागल्या. मग माझा हात जरा थांबला आणि शीर मिळाली. कापूस दाबून धरत, बाह्या खाली करत, सर अगदी हळू, शेजारच्या टेबलालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, उद्या संध्याकाळी जुन्या वाचनालयाच्या इमारतीत, दुसरा मजला, जिन्याच्या तोंडाशीच खोली. पाटी नाही. आम्ही काहीजण गोल बसतो आणि आपापलं सांगतो. चहा वाईट असतो, पण या. ते गेल्यावर मी दिवसभर त्यांना मनातल्या मनात बोल बोल बोलले. स्वतःला काय समजतात, मी काय सांगितलं होतं यांना, माणसानं आपलं रक्त द्यावं आणि जावं. आणि दिवसभर मनगटावर ती जागा मला कळत राहिली. कुणी मला हात लावून किती दिवस झाले होते कोण जाणे. मी रोज इतक्या माणसांचे हात हातात घेते, पण ते माझ्याकडून त्यांना. उलट कुणी केलं नव्हतं.

मंगळवारी कामावरून सुटले आणि पाय तिकडे वळले. मी जात नाहीये, नुसतं बघून येतेय, असं मी मला सांगितलं. वाटेत एक वाक्य घोकत होते. तिथे गेल्यावर म्हणावं लागतं असं कुठेतरी ऐकलं होतं. मी दारू पिते. इतकं छोटं वाक्य, पण ते मी आयुष्यात एकदाही उच्चारलं नव्हतं, एकटीनं आरशासमोरसुद्धा नाही. फळवाल्याच्या दुकानापर्यंत मी ते मनात म्हटलं, पुढच्या चौकात ओठ हलवून म्हटलं, समोरून येणाऱ्या एका गृहस्थांनी मान हलवली, त्यांना वाटलं मी त्यांनाच काही म्हणतेय. वाचनालयाची इमारत म्हणजे आता वाचनालय नाहीच. पुस्तकं गेली, खोल्या संध्याकाळी भाड्यानं देतात. जिना लाकडी, रुंद, मधे झिजून खोलगट झालेला. मी कठडा धरला आणि चढायला लागले. प्रत्येक पायरीला ते वाक्य म्हणत होते, आणि प्रत्येक पायरीला ते जड होत होतं. सरांनी दुसरा मजला सांगितला होता. मला पक्कं आठवत होतं. पण पहिल्या मजल्यावर पोचले तर जिन्याच्या तोंडाशीच एक खोली, दार उघडं, आत खुर्च्या गोल मांडलेल्या, दमलेल्या चेहऱ्यांची दहा-बारा माणसं, कोपऱ्यात चहाचा थर्मास. आणखी एक जिना चढायचा तर मी वरती नाही, खालीच उतरून गेले असते, हे मला स्वच्छ कळत होतं. म्हणून मी आत गेले आणि एका रिकाम्या खुर्चीत बसले.

सगळ्यांच्या मांडीवर कुंड्या होत्या. हे मी पाहिलं. आंधळी नव्हते मी. लहान लहान कुंड्या, कुणाच्यात रोप, कुणाच्यात नुसती काडी, आणि प्रत्येकानं आपापली कुंडी दोन्ही हातांनी धरलेली. पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी म्हटलं, हात हलू नयेत म्हणून देत असतील धरायला. मला उलट वाटलं, किती विचार केलाय या लोकांनी. एकेकजण उठून काही सांगत होता, बाकीचे मधे न बोलता ऐकत होते. काय सांगत होते देव जाणे, माझ्या कानात माझंच वाक्य घुमत होतं. शेजारच्या बाई, जाड भिंगांच्या चष्म्याच्या, हाताला साबणाचा वास असलेल्या, माझ्या रिकाम्या हातांकडे बघत होत्या. त्यांनी पायाशी ठेवलेली जास्तीची एक कुंडी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. टोमॅटोचं रोप होतं, चार पानांचं. मी ते घट्ट धरलं. आणि खरंच हात थांबले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण माझी पाळी होती. मी कुंडीसकट उभी राहिले आणि म्हणाले, “मी दारू पिते. माझी मुलगी पाण्याचा वास घेऊन पाणी पिते.”

कुणीतरी खोकलं. समोरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या लिंबाच्या रोपाकडे बघितलं, जणू त्याला ऐकू जायला नको होतं. मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला: भिंतीवर खतांचा तक्ता, टेबलावर मातीची पोती, पिचकाऱ्या. घरच्या कुंड्यांत भाजी लावणाऱ्यांचं मंडळ होतं ते. मी आयुष्यातलं पहिलं खरं वाक्य टोमॅटोवाल्यांना सांगून बसले होते. धरणी दुभंगावी म्हणतात ना, पण पहिल्या मजल्यावर तीही सोय नसते. मी कुंडी ठेवायला जागा शोधत होते, पळता यावं म्हणून. तेवढ्यात त्या चष्म्याच्या बाई उठल्या, गुडघ्यावर हात देऊन, कण्हत, आणि अगदी रोजचं काम असल्यासारख्या म्हणाल्या, “तुमचं वरती आहे. चला, मी येते.” मी म्हटलं नको, नको, मी जाते. त्या म्हणाल्या, एकट्या जाल तर खाली जाल. बाकीच्यांपैकी कुणी हसलं नाही. त्या लिंबाच्या गृहस्थांनी तर दार धरून ठेवलं आमच्यासाठी. कुणीतरी मागून म्हणालं, कुंडी राहू द्या त्यांच्याकडे.

जिन्यात त्या बाईंनी आपली ओळख करून दिली. कोपऱ्यावरची लाँड्री त्यांची, सगळे त्यांना लाँड्रीवाल्या काकू म्हणतात. दर पायरीला थांबत होत्या, गुडघे गेलेले, आणि त्यांच्याबरोबर मलाही थांबावं लागत होतं, त्यामुळे पळणं जमत नव्हतं. म्हणाल्या, दोन-तीन महिन्यांनी एखादा येतोच असा आमच्याकडे. एक मोठे अधिकारी आले होते, ते तर पाऊण तास बसले, सगळं सांगितलं, रडले, आणि आम्ही कुणी त्यांना मधे थांबवलं नाही, कारण माणूस बोलत होता. मी विचारलं, मग खोल्या बदलून का घेत नाही? त्या म्हणाल्या, विचार केला होता. पण मग आमची मंडळी म्हणाली, राहू दे, उद्या खाली नाटकाच्या तालमीवाले आले आणि त्यांनी हसून घालवलं एखाद्याला, तर? मी त्या जिन्यात, कुंडी छातीशी धरून, रडायला लागले. एवढ्यासाठी. मला ओळखत नसलेल्या लोकांनी, वांगी-टोमॅटो लावणाऱ्या लोकांनी, मी यायच्या कितीतरी आधी माझ्यासाठी एक खोली सोडली नव्हती. काकूंनी रडू दिलं. त्यांनाही दम खायचा होता.

वरच्या खोलीतही खुर्च्या गोल होत्या आणि मांडीवर कुंड्या नव्हत्या, एवढाच फरक. सर होते. त्यांनी मला पाहिलं, कुंडी पाहिली, आणि त्यांच्या अबोल चेहऱ्यावर जे आलं त्याला हसूच म्हणायला हवं. मला बसवलं. कुणीतरी म्हणालं, नवीन आहात, बोलायचं असेल तर बोला, नसेल तर नुसतं बसा. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. खाली इतकं धडधडीत बोलून आलेली मी, इथे, जिथे बोलायचं तिथे, मुकी. वाक्य संपलं होतं. एकदाच पुरेल एवढंच होतं ते. मी काकूंकडे बघितलं. त्या दारातच उभ्या होत्या, धापा टाकत, चष्मा पुसत.

“त्यांनी खाली सांगितलंय,” काकू म्हणाल्या. “परत सांगायला लावू नका.”

आणि गेल्या, गुडघे सांभाळत. खोलीत हशा पिकला. मला आधी वाटलं माझ्यावर, पण एक टॅक्सीवाले डोळे पुसत म्हणाले की तेही खालीच सांगून आले होते, आणि पलीकडच्या शिक्षिकाही. सर म्हणाले, “बहुतेकांचा धीर पहिल्या मजल्यापर्यंतच पुरतो. वरचा जिना दुसऱ्या कुणाच्या तरी धिरावर चढायचा.” मग एकेकानं आपापलं सांगितलं. मी ऐकलं, या वेळी खरंच ऐकलं. कोण बाटली कुठे लपवायचं त्यावर विषय गेला. कुणाची पियानोत, कुणाची टॅक्सीच्या काच धुण्याच्या पाण्याच्या डब्यात. माझ्या तोंडून आपोआप गेलं, माझी पाठ शेकायच्या पिशवीत. टॅक्सीवाले मनापासून हळहळून म्हणाले, रबरी पिशवी, आम्हाला कसं सुचलं नाही हो हे. मी हसले. किती दिवसांनी हसले ते आठवेना, आणि दारूवाचून हसायला येतं हे तर विसरूनच गेले होते. चहा खरंच वाईट होता. सर खोटं बोलले नव्हते. मी दोन कप प्यायले.

आता सगळं छान झालं असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे, मी मोडता घालत नाही, पण तसं झालं नाही. अंगातून ती उतरताना तो आठवडा असा गेला की विचारू नका. घाम, थरथर, झोप नाही, सरांनी आधीच बजावल्याप्रमाणे डॉक्टरांकडे जाऊन आले, गोळ्या आणल्या. पिशवी कापून टाकून दिली आणि संध्याकाळी तिच्या जागेवर हात गेलाच. तेव्हा मी लाँड्रीवाल्या काकूंना फोन केला. सरांना का नाही केला माहीत नाही. काकूंसमोर आधीच बोलून चुकले होते, म्हणून असेल. त्यांना सांगितलं, मला प्यावंसं वाटतंय. मागे इस्त्रीच्या वाफेचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, मला त्यातलं काही कळत नाही बाई, पण रोपाला उन्हात ठेवलंय ना? मी म्हटलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. त्या म्हणाल्या, पाणी बोटानं माती बघून घाला, रोज ओतू नका, आणि मंगळवारी घेऊन या, दाखवायला लागतं आमच्याकडे. फोन कानाशी धरूनच मी मातीत बोट घातलं. शीर शोधते त्याच बोटानं. माती वर कोरडी होती आणि खाली ओली. ती वेळ टळली. तशा पुढेही वेळा आल्या, काही बोटावर टळल्या, काही सरांशी बोलून, एकदा तर टॅक्सीवाले गाडी घेऊन दाराशी आले आणि मला नुसतं शहरभर फिरवून आणलं. मंगळवारी मी आधी पहिल्या मजल्यावर थांबते, कुंडी दाखवते, शिव्या खाते, आणि मग वर जाते. या लोकांचे उपकार कसे फेडायचे ते मला माहीत नाही आणि ते कुणी मागतही नाही.

पण मला सांगायचाय तो त्याच आठवड्यातला रविवार. सकाळपासून मी काहीबाही पुसत होते. ताई पोरीला घेऊन आली, सोडून जाते म्हणाली आणि गेली नाही, दारातच पर्स धरून रेंगाळली. तिला काहीतरी वेगळं जाणवलं असणार, विचारायचा धीर नव्हता. मीही काही सांगितलं नाही. काय सांगणार, चार दिवसांच्या जोरावर? शाळेचं तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही, पण ते त्या खोलीत आमच्या दोघींच्या मधे बसलेलं होतं. पोरगी स्वयंपाकघरात गेली, खिडकीतलं रोप बघून म्हणाली, हे कुठून आलं? मी म्हटलं, शिकायला दिलंय मला. कुंडीशेजारी अर्धा भरलेला ग्लास होता, रोपाचा. ऊन होतं, ती चालत आली होती, तहान लागली असणार. तिनं ग्लास उचलला, नाकाशी नेला, आणि त्याच क्षणी तिची नजर वर आली आणि माझ्या नजरेला भिडली. या वेळी तिलाही कळलं ती काय करतेय ते. तिचा चेहरा लाल झाला. ग्लास घाईघाईनं खाली ठेवायला लागली, काही केलंच नाही अशी. मागे दारात ताई श्वास रोखून उभी होती. माझ्या मनात एवढंच आलं की हिला लाज वाटू नये. मला वाटू दे, मला सवय आहे, हिला नको.

मी जवळ गेले, तिच्या हाताखाली हात धरला आणि ग्लास परत वर, तिच्या नाकापर्यंत नेला. माझा हात हलत होता, थोडा. तो तिला दिसत होता.

“घे वास,” मी म्हटलं. “नीट घे. रोज घेत जा, विचारू नको मला. मला राग येणार नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून, खोल, अगदी पोटापर्यंत वास घेतला.

“पाणी आहे,” ती म्हणाली. अर्धं प्यायली, आणि उरलेलं कुंडीत ओतायच्या आधी मातीत बोट घालून बघायचं असतं, हे मी तिला दाखवलं.